जुन्या सेसनाचं इंटिरिअर नवं करायचंय? कापडाचा रंग सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघा मित्रांनी मिळून १९७८ ची सेसना १७२ घेतली, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर हँगरमधे उभी आहे. इंजिन चांगलं आहे, पण आतून हाल आहेत, सीटांचं रेग्झीन फाटलंय, छताचं कापड लोंबतंय, दाराजवळचे प्लास्टिकचे पॅनल तडकलेत. गाड्यांचे सीटकव्हर शिवणाऱ्या एका चांगल्या कारागिराने आठ दिवसांत पूर्ण लेदरमधे करून देतो म्हणून भाव दिलाय. "काका, देऊन टाकू का त्याला? आणि डीजीसीएचं, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याचं, काय करावं लागतं?"

नको देऊ, निदान आत्ता तरी नको. कारागीर वाईट असतो म्हणून नाही म्हणत, आपल्या नागपुरात शिवणारे हात फार चांगले आहेत आणि मी स्वतः अशाच एका कारागिराकडून कितीतरी सीटा शिवून घेतल्यात. पण त्याला शिलाई द्यायची, सामान त्याचं नाही घ्यायचं. कापड आपलं, फोम आपला, दोरा आपला, गोंद आपला, प्रत्येकाचा कागद आपल्या हातात, आणि सीट विमानातून काढायची आणि परत बसवायची ती एएमईच्या (परवाना असलेल्या विमान इंजिनिअरच्या) देखरेखीखाली. त्याच्या दुकानात फक्त खोळ जाईल आणि फोम जाईल, सीटची फ्रेम नाही जाणार. एवढं मान्य असेल तर तो माणूस कामाचा.

मी छोट्या विमानांवर तीस वर्षांच्या वर काम करून राहिलोय आणि दर वेळी पाहतो की मालक लोक पहिल्यांदा रंगाचं कॅटलॉग घेऊन बसतात, टॅन घ्यायचा की ग्रे. अरे बापा, आधी सगळं बाहेर तर काढ! पंचेचाळीस वर्षांच्या विमानाचं इंटिरिअर पूर्ण निघतं तो दिवस फार मोलाचा असतो, कारण गालिच्याखालचा आणि पॅनलमागचा पत्रा तेव्हाच नीट दिसतो, एरवी वार्षिक तपासणीतही सगळं उघडत नाहीत. त्या पत्र्याने काय सांगितलं त्यावर पुढचं बजेट ठरतं. कापड मग घे.

काढताना घाई नको. मोबाइलवर प्रत्येक गोष्टीचा फोटो, काढायच्या आधी एक आणि काढल्यावर एक. स्क्रू काढले की झिपवाल्या पिशवीत टाकायचे आणि वर मार्करने लिहायचं, डावा दरवाजा खालचा पॅनल, पुढून तिसरा, असं. लोक हसतात या गोष्टीला, पण स्क्रूची लांबी हा गंमतीचा विषय नाही. १७२ मधे पंखातल्या टाक्यांमधून येणारी पेट्रोलची लाइन दाराच्या खांबातून खाली उतरते. त्या खांबावरचा ट्रिम घट्ट बसत नाही म्हणून कोणी अर्धा इंच लांब, टोकदार, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू मारला तर तो कुठे जाऊन भिडेल याचा विचार कर. मी एका विमानात असा स्क्रू पाहिलाय, ट्यूबवर चमकदार ओरखडा पडला होता, नखाला लागत होता, कागदाएवढी जाडी उरली असेल. ते विमान तसंच उडत होतं. जमिनीवरही तीच गोष्ट, खाली रडरच्या आणि एलेव्हेटरच्या (शेपटीवरच्या हलणाऱ्या पृष्ठांच्या, ज्यांनी विमान वळतं आणि नाक वर-खाली होतं) केबल धावतात, गालिचा दाबून धरायला नवं भोक पाडायचंच नाही, जुनी भोकं आणि पार्ट कॅटलॉगमधला स्क्रू एवढंच.

आता आत काय सापडेल ते सांगतो. पहिलं म्हणजे उंदीर. आपल्या हँगरांच्या आजूबाजूला गवत असतंच, पावसाळ्यात उंदीर कोरड्या जागी येतात आणि त्यांना काचतंतूचं जुनं इन्सुलेशन फार आवडतं. मागच्या सीटमागे, सामानाच्या जागेखाली, शेपटीकडे जाणाऱ्या भागात घरटं हमखास मिळतं. घरट्यापेक्षा त्यांचं मूत वाईट, ते ॲल्युमिनियम खातं. मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नको, आणि झाडू मारू नको, ओलं करून उचल. दुसरं, ते जुनं इन्सुलेशन स्वतःच. ते स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं, पत्र्याला महिनोन्महिने ओलं चिकटून राहतं, आणि त्या काळच्या बऱ्याच सेसनांना आतून प्रायमर मारलेला नसायचा. मग पांढरी पावडर दिसते, फुगे दिसतात. वरवरचं असेल तर मऊ स्कॉचब्राइटने साफ करून, केमिकल कन्व्हर्जनचा (गंज रोखणाऱ्या रसायनाचा) हात देऊन प्रायमर मारता येतो. लोखंडी काथ्या किंवा तारेचा ब्रश वापरलास तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि गंज आणखी जोरात येतो. खड्डा किती खोल आहे, किती जाडी उरली हे एएमईने मोजायचं, डोळ्याने ठरवायचं नाही.

आणि एक छोटीशी गोष्ट जी कारागिराला दहादा सांगावी लागते, पत्र्यावर पेन्सिलने खूण करायची नाही. पेन्सिलीतलं ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही, ओल मिळाली की त्या रेघेवरच गंज धरतो. शिंप्याच्या आणि सुताराच्या कानावर पेन्सिल असतेच, म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्या हातात मार्कर द्यायचा.

गालिचा घ्यायच्या आधी पाण्याची टेस्ट. सगळं उघडं असताना एकाने बाहेरून नळीने हळू धार सोडायची, समोरच्या काचेच्या वरच्या कडेवर, पंख जिथे जोडलाय तिथे, दारांच्या फटींवर, आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. स्टॅटिक पोर्ट (उंची आणि वेग दाखवणाऱ्या यंत्रांची हवेची भोकं) आधी टेप लावून झाकायचे, आणि टेप लाल रंगाची, म्हणजे काढायला विसरणार नाही. जुन्या १७२ मधे पंखाच्या मुळाशी आणि काचेच्या वरून पाणी येतंच येतं. हे सील आधी कर. नाही तं नवा लोकरीचा गालिचा पहिल्या जुलैतच वास मारायला लागतो आणि त्याच्याखाली पुन्हा तोच गंज सुरू.

आता सीटा, आणि इथे जरा थांबतो कारण जीव याच्यात आहे.

सेसनाची पुढची सीट रुळावर सरकते आणि एक पिन रुळाच्या भोकात पडून ती अडवते. ते भोक झिजलं, पिन झिजली, रोलर सैल झाला की टेकऑफला नाक वर जाताना सीट मागे सरकते, पायलट घाबरून हातातलं योक (विमान चालवायचं हँडल) ओढतो, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. अशा अपघातांमुळे अमेरिकेच्या एफएएने १९८७ साली एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश) काढलं आणि नंतर त्याच्या जागी २०११-१०-०९ या क्रमांकाचं नवीन आलं. रूळ, पिन, रोलर, स्प्रिंग, सगळ्याची ठरावीक तासांनी तपासणी. इंटिरिअर काढलंच आहे तर रूळ अगदी स्वच्छ करून, भोकांत बसलेली माती काढून, मापं घेऊन ती तपासणी आत्ताच करून घे, रूळ बदलायचा असेल तर गालिचा घालायच्या आधी बदल. सीटची फ्रेम पण उघडी असेल तेव्हाच जोडांवर भिंगाने बघ, तडा गेलाय का. आणि फ्रेमला जाड पावडर कोटिंग करू नको, चकचकीत दिसतं पण उद्या तडा गेला तर दिसणार नाही. पातळ प्रायमर आणि पातळ रंग बस झाला.

माझ्या हातून गेलेली एक केस सांगतो. एका मालकाने अशाच बाहेरच्या दुकानात सीटा करून आणल्या. दिसायला सुंदर, डबल टीप, पायपिंग वगैरे. माझ्याकडे विमान आलं दुसऱ्याच कामासाठी. मी सीटवर बसलो, पुढे सरकवली, सवयीप्रमाणे दोन्ही पायांनी जोर देऊन मागे ढकलून पाहिलं, आणि सीट घरंगळत थेट शेवटच्या थांब्यावर. खाली वाकून पाहिलं तर नव्या खोळीची दुमड दीड-दोन इंच जास्त सोडली होती, ती लटकून पिनच्या लिव्हरमधे अडकत होती, पिन अर्धीच भोकात जात होती. वरून क्लिक आवाज येत होता म्हणून सगळ्यांना वाटलं लॉक झालं. शिवणाऱ्याचा काय दोष, त्याला कारची सीट माहीत, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की या कापडाच्या खाली काय चालतं. शिवाय त्याच सीटचा फोम दोन इंच जाड केला होता, मऊ वाटावं म्हणून. त्यामुळे योक पूर्ण मागे ओढलं की मांडीला लागत होतं, म्हणजे लँडिंगला हवा तेवढा एलेव्हेटरच मिळणार नाही.

म्हणून जुनी खोळ फेकायची नाही. ती शिवणीवर नीट उसवायची, प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि बाण, आणि तोच फर्मा वापरून नवं कापड बेतायचं. फोमची जाडी जुनीच, म्हणजे मूळची, दबून चपटी झालेली नव्हे.

कापड आणि आग याबद्दल खूप गोंधळ आहे. विमानाचा मूळ परवाना अमेरिकेच्या जुन्या नियमांवर आहे ज्याला सीएआर-३ म्हणतात (आपल्या डीजीसीएच्या सीएआरशी त्याचा संबंध नाही, नाव फक्त सारखं आहे, यावरून माणसं भांडलेली पाहिली मी). त्या जुन्या नियमांत आजच्याइतकी कडक अट नव्हती, म्हणून काही जण म्हणतात काहीही चालतं. मी मानत नाही. मी आजच्या मोठ्या विमानांना लागणारी १२ सेकंदांची उभी टेस्ट मागतोच. त्यात कापडाची पट्टी उभी टांगतात, खालून बर्नरची दीड इंचाची ज्योत १२ सेकंद धरतात आणि काढून घेतात. त्यानंतर १५ सेकंदांच्या आत आपोआप विझलं पाहिजे, जळालेली लांबी सरासरी ८ इंचांच्या आत पाहिजे, आणि खाली पडलेले थेंब ५ सेकंदांपेक्षा जास्त जळत राहता कामा नयेत. तीन पट्ट्या लागतात. कापड वेगळं पास, फोम वेगळा पास, आणि शक्य असेल तर कापड, गोंद आणि फोम मिळून जसं सीटवर बसेल तसा नमुनाही टेस्ट करून घ्यायचा, कारण वेगवेगळे पास झालेले एकत्र नापास होताना मी पाहिलेत.

सोफ्याचा साधा फोम कसा जळतो हे पाहायचं असेल तर हाताएवढा तुकडा घे, घराच्या बाहेर, मोकळ्या जागी, बाजूला पाण्याची बादली ठेवून, चिमट्यात धर आणि काडी लाव. काळा धूर आणि थेंब थेंब आग. तो धूर चार माणसांच्या बंद केबिनमधे मनात आणून बघ, आणि खाली उतरायला दहा मिनिटं लागणार आहेत. या घरच्या टेस्टने कापड पास होत नाही, ते लॅबच्या कागदानेच होतं, पण नापास मात्र जागच्या जागी होतं.

लेदर घ्यायचं की नाही? माझं मत, पूर्ण लेदर नको. आपल्याकडे मे महिन्यात ॲप्रनवर तासभर उभ्या केलेल्या विमानात लेदरच्या सीटवर हाफ पँट घालून बसून दाखव. २०१३ च्या मे मधे नागपूरचा पारा ४७.९ ला गेला होता, आणि बंद केबिनमधे त्याहून कितीतरी जास्त होतं. बसायची आणि पाठीची मधली पट्टी लोकरमिश्रित एव्हिएशनच्या कापडाची, कडेला जिथे घासतं तिथे लेदर, हे सगळ्यात टिकतं. रंग फिका राखाडी किंवा बदामी. फक्त समोरच्या पॅनलवरचा ग्लेअरशील्ड काळा आणि एकदम मॅट, कारण तिथे चमकदार काही लावलं की ते काचेत उमटतं आणि सूर्य समोर असताना रनवे दिसत नाही.

वजनाचा हिशेब आमच्याकडे जास्त महत्त्वाचा, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना पटत नाही. आपल्या धावपट्टीची उंची १०३३ फूट, पण ४४ डिग्रीला हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पावणेपाच हजार फुटांच्या आसपास आहोत असंच वाटतं. अशा दिवशी चार माणसं बसवून १७२ कशी रांगत चढते ते तुला कळेलच. त्यात कारच्या दुकानातून डांबरी डॅम्पिंग शीट आणून चिकटवायची, आवाज कमी व्हावा म्हणून, हा फार वाईट शौक आहे. एक तर ती जळते, आणि १२ पौंड शीट लावली म्हणजे तेवढ्याच वजनाचं २ गॅलन पेट्रोल कमी घ्यावं लागलं, म्हणजे जवळजवळ पाव तासाचं उड्डाण गेलं. शिवाय ती मागे सामानाच्या जागेत लावली तर तिथला आर्म (हिशेबाच्या ठरलेल्या रेषेपासूनचं अंतर) ९५ इंच, पुढच्या सीटचा ३७, म्हणजे तेवढ्याच वजनाचा मोमेंट (वजन गुणिले आर्म) अडीच पटीहून जास्त, आणि सीजी, म्हणजे विमानाचा तोल, मागे सरकतो. आवाज कमी करायचा असेल तर चांगले हेडसेट घ्या तिघंही.

मी काय करतो, एक डिजिटल काटा हँगरमधेच ठेवतो. निघालेली प्रत्येक वस्तू तोलायची, वहीत लिहायची, कुठून निघाली ते लिहायचं, आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू तशीच. शेवटी विमान काट्यावर चढवून वजन करून घ्यायचं. पंचेचाळीस वर्षांत कोणी कोणी काय काय आत टाकलंय याचा कागद कुणाकडेच नसतो, त्यामुळे तो आकडा पाहून मालकाचा चेहरा उतरतो कधी कधी, पण खरा आकडा हातात आला.

प्लास्टिकचे पॅनल, ते रॉयलाइट नावाचं एबीएस जातीचं प्लास्टिक आहे, उन्हाने कुरकुरीत होतं. सगळे बदलू नको, महाग जातं. मागच्या बाजूने काचतंतूचं कापड आणि एबीएसचं सोल्युशन लावून तडे भरता येतात, मग वरून लवचिक व्हिनाइल रंग. फारच तुकडे झाले असतील तर कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचे नवे घे. पण हे सोल्युशन, थिनर, एसीटोन काहीही काम विमानाच्या आत करायचं नाही, पॅनल बाहेर टेबलावर नेऊन करायचं. खिडक्या काचेच्या नाहीत, ॲक्रिलिक आहेत, एसीटोनची नुसती वाफ लागली तरी बारीक जाळी पडते आणि ती कधीच जात नाही. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे पण बंद. भरपूर पाणी, सौम्य साबण आणि आपला हात, अंगठी काढून.

छताचं कापड लोंबलं ते गोंद सुटल्यामुळे. साधा काँटॅक्ट गोंद आपल्या मेमधे मऊ पडतो, म्हणून जास्त तापमान सहन करणारा आणि आगीचा कागद असलेला गोंद घे. आणि पाऊस चालू असताना चिकटवू नको, दमट हवेत गोंदावर पांढरी साय धरते आणि पकड येत नाही. गालिचा तर चिकटवूच नको, वेल्क्रो लाव, दर तपासणीला उचलावा लागतो.

बेल्टचं एकच वाक्य, आपल्या शिंप्याने बेल्टला सुई लावायची नाही आणि कोणी रंगवायचे नाहीत. विरले असतील तर मान्यताप्राप्त दुकानातून नवी पट्टी किंवा नवा बेल्ट, रिलीज सर्टिफिकेटसकट.

आता डीजीसीए. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून फसू नको. तिथे मालक-पायलटला सीटकव्हर आणि गालिचा बदलायचं काम स्वतः करून लॉगबुकात सही करता येते. आपल्या व्हीटी नंबरच्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या, विमानाला ते गृहीत धरायचं नाही. काम सुरू करायच्या आधी तुमच्या कामो (विमानाची देखभाल सांभाळणारी मान्यताप्राप्त संस्था) आणि एएमईसोबत बसा, काय बदलणार त्याची यादी द्या, काय दुरुस्ती आणि काय मॉडिफिकेशन ते त्यांच्याकडून लेखी घ्या. जुन्या कापडाऐवजी दुसऱ्या रंगाचं कापड हा एक प्रकार, आणि सीटची रचना बदलणं हा अगदी वेगळा प्रकार, त्याला मंजूर डेटा लागतो. नागपूरच्या मिहानमधे मोठ्या विमानांचा एमआरओ (दुरुस्ती केंद्र) आहे म्हणून आपलंही होईल असं अनेकांना वाटतं, पण कुठल्याही संस्थेच्या मंजुरीत आपल्या विमानाचा प्रकार आहे का हे आधी पाहावं लागतं. फाइलमधे कापड, फोम, लेदर, गोंद, गालिचा प्रत्येकाचा टेस्ट रिपोर्ट बॅच नंबरसकट, बिलं, नवा वजनाचा तक्ता आणि शेवटी सीआरएस (काम होऊन विमान उडायला सोडल्याचा सहीचा कागद). आतले प्लॅकार्डही (सूचनांच्या पाट्या) परत लागले पाहिजेत, पेट्रोल सिलेक्टरचं, धूम्रपान मनाईचं, सामानाच्या १२० पौंडाचं. नव्या पॅनलच्या खुशीत हेच विसरतात लोक.

दिवस किती? आठ दिवस विसर. गंज फार नसेल आणि सामान वेळेवर आलं तर दोन-अडीच महिने, त्यातला अर्धा वेळ बाहेरून येणाऱ्या कापडाची आणि फोमची वाट पाहण्यात जातो. दसरा झाला की सुरू करा, संक्रांतीच्या आत विमान परत मिळेल, हवा कोरडी, थंड, गोंदाला आणि रंगाला एकदम योग्य. आत्ता पावसात फक्त पाण्याची गळती शोधून ठेवा.

आणि सगळं बसवून झाल्यावर, फोटो काढायच्या आधी, पुढच्या दोन्ही सीटा प्रत्येक भोकात लॉक करून पायाने ढकलून बघ, योक आणि रडर शेवटपर्यंत फिरवून बघ, पेट्रोल सिलेक्टर प्रत्येक खुणेवर नीट बसतो का आणि गालिच्याला घासत नाही ना, दार आतून एका झटक्यात उघडतं का. होकायंत्रही तपासून घे, नव्या ट्रिममधे कोणी लोखंडी स्क्रू किंवा चुंबकाचं बटण घातलं असेल तर ते तिथे कळेल.

सध्या मागची सीट आणि सामानाच्या जागेचा गालिचा एएमईला सांगून उचलून घे आणि खालच्या पत्र्याचे फोटो पाठव, उजेड तिरपा पाडून काढ म्हणजे खड्डे दिसतील. ते पाहून सांगतो पुढचं.